पायाखालचा इतिहास : रंगविलेल्या कॅनव्हासच्या जाजमाची कथा

इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या माणसाची नजर बहुधा वर लागलेली असते. तटबुरूज, सिंहासने, छत्रचामरे यांच्या गोष्टी ऐकावयाच्या या तयारीने तो येऊन बसतो. परंतु ज्या जमिनीवर इतिहासातली ही सारी माणसे उठली-बसली, जेवली, रुसली आणि अखेर निजली, त्या जमिनीवर काय अंथरलेले होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच विचारणार आहो. विषय लहान आहे. पण लहान वस्तूंना एक गुण असतो. त्या खोटे बोलत नाहीत. राजाच्या बखरीत राजाला हवे तेवढेच लिहिले जाते. त्याच्या जाजमावर पडलेला डाग मात्र कोणाच्या आज्ञेने पडत नाही आणि पुसलाही जात नाही.

आपल्याकडे घरात पाहुणा आला की त्याला बसावयास काय टाकले यावरून पाहुण्याची आणि यजमानाचीही पायरी कळते. घोंगडी, चटई, सतरंजी, जाजम, गालिचा अशी ती चढती शिडी आहे. विलायतेत आणि अमेरिकेत अठराव्या शतकात या शिडीवर एक नवी पायरी आली. जाड कॅनव्हास घ्यावयाचा, त्याला जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाचे थरावर थर द्यावयाचे, त्यावर चौकटी किंवा वेलबुट्टी काढावयाची, आणि वाळला म्हणजे दिवाणखान्यात अंथरावयाचा. इंग्रजीत त्याला फ्लोअरक्लॉथ म्हणत. आपल्या सोयीसाठी आम्ही त्याला रोगणी जाजम म्हणू.

हे जाजम जन्मास का आले, हे समजण्यासाठी त्या काळची घरे डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. आज आपण विलायती घर म्हटले की भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पाहतो. इ.स. १७०० च्या सुमारास तसे नव्हते. पूर्वेकडून येणारे लोकरी गालिचे इतके महाग असत की ते पायाखाली घालण्याची छाती थोड्यांनाच होई. पुष्कळ घरांत ते मेजावर पसरून ठेवीत. जमीन म्हणजे दगडी फरशी किंवा लाकडी फळ्या. अमेरिकेतल्या वसाहतींत तर बहुतेक फळ्याच. त्या उघड्या फळ्यांवर बारीक वाळू पसरावयाची, तिच्यावर केरसुणीने नागमोडी रेषा काढावयाच्या, आणि मळली की झाडून नवी टाकावयाची, अशी रीत पुष्कळ घरांत होती. आमच्या आयाबायांनी सारवलेल्या अंगणात काढलेल्या रांगोळीची ही दूरची बहीणच म्हणावयाची. माणूस कितीही गरीब असो, पायाखालची भुई नुसती उघडी टाकणे त्याच्या जिवावर येते.

दगडी फरशी शोभिवंत, पण गार. फळ्या उबदार, पण त्यांच्या फटींतून वारा येतो, तेलातुपाचा डाग पडला की तो आत मुरतो, आणि घासून घासून लाकूड झिजते. श्रीमंतांच्या वाड्यांत काळ्यापांढऱ्या संगमरवराचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौक असत. ते पाहून मध्यम स्थितीच्या गृहस्थास वाटे, आपल्याही घरी असे असावे. संगमरवर तर परवडत नाही, आणि परवडला तरी लाकडी तक्तपोशीला त्याचे ओझे झेपत नाही. तेव्हा त्याने दुधाची तहान ताकावर भागविली. कॅनव्हासवर संगमरवर रंगवून घेतला!

या जाजमाचा एक जुना आणि भरवशाचा पुरावा मिळतो तो एका मृत माणसाच्या सामानाच्या यादीत. विल्यम बर्नेट हे आधी न्यूयॉर्क-न्यूजर्सीचे आणि मग मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. ते १७२९ साली बोस्टन येथे वारले. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची जी यादी झाली, तिच्यात मेजाखाली घालावयाच्या दोन जुन्या चौकटीदार कॅनव्हासांची आणि खोलीएवढ्या एका मोठ्या रंगविलेल्या कॅनव्हासाची नोंद आहे. यादी करणाऱ्या कारकुनाने ‘जुन्या’ हा शब्द घातला आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. १७२९ साली ज्या वस्तूला जुनी म्हणावे लागले, ती त्याच्या काही वर्षे आधीपासून पायाखाली होती हे त्या एका शब्दाने सिद्ध होते. कारकुनाला इतिहास लिहावयाचा नव्हता. त्याला फक्त किंमत ठरवावयाची होती. पण इतिहास त्याच्या लेखणीतून उतरला.

पुढे दहाच वर्षांनी, १७३९ साली, लंडनमध्ये जॉन कारविथम नावाच्या नक्षीकाराने जमिनींच्या सजावटीचे चोवीस ताम्रपट प्रसिद्ध केले. त्यांतले नमुने दगडात बसवावे किंवा कापडावर रंगवावे, दोन्हींना सारखेच उपयोगी असे होते. एकच नक्षी राजवाड्यात दगडाची होई आणि दुकानदाराच्या घरी कॅनव्हासची. या पुस्तकावरून एवढे नक्की दिसते की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच रोगणी जाजमाला गिऱ्हाईक होते, आणि ते गिऱ्हाईक डोळस होते.

आता हे जाजम तयार कसे होई ते सांगतो, कारण या कथेचा सारा जीव त्या करणीत आहे. कापड म्हणजे जहाजाच्या शिडाचे असते तसे दणकट, तागाचे किंवा अंबाडीसारख्या वाखाचे. ते चौकटीवर ताणून बसवीत. पहिल्याने सरसाचे पातळ पाणी देत, म्हणजे धाग्यांची भोके बुजत आणि तेल कापडात शिरून ते कुजवीत नसे. सच्छिद्र दगडाने घासून ते गुळगुळीत करीत. मग जवसाच्या तेलातला घट्ट रंग थापीने चोपडीत. तो वाळला की पुन्हा घासणे, पुन्हा थर. असे दोन्ही अंगांनी अनेक थर झाले, म्हणजे वर नक्षी. प्रारंभी ती हाताने किंवा कापलेल्या पत्र्यांवरून काढीत. पुढे लाकडी ठशांनी छापू लागले. आपल्याकडे जाजमावर ठसे मारणारा कारागीर ज्याने पाहिला असेल, त्याला हे काम ओळखीचे वाटेल.

यात मर्म आहे ते जवसाच्या तेलाचे. आपण खातो ती बहुतेक तेले उघडी ठेवली तर खवट होतात, पण तेलच राहतात. जवसाच्या तेलाचे तसे नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा चिवट पापुद्रा बनतो. पाणी उडून कपडा वाळतो तसे हे वाळणे नव्हे. येथे काही उडून जात नाही, उलट हवेतले काहीतरी आत येते. आमचे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, कढविलेले जवसाचे तेल. पण या वाळण्याला वेळ लागतो, आणि रोगणी जाजमाचे सारे अर्थशास्त्र या वेळेवर उभे होते. घाईने विकलेले जाजम चिकट राही, त्याला भेगा पडत. महिनोन् महिने टांगून ठेवलेले वर्षानुवर्षे टिके. ज्याच्याजवळ मोठी जागा आणि धीर होता तोच या धंद्यात टिकला. लंडनजवळ नाइट्सब्रिज येथे नेथन स्मिथ याने असा मोठा कारखाना चालविला आणि १७६३ साली आपल्या कृतीचे पेटंट घेतले.

अमेरिकेत हे जाजम कोठवर पोहोचले होते? थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरात. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हिशेबात १७९६ साली एका रोगणी जाजमासाठी १४ डॉलर २८ सेंट दिल्याची नोंद आहे. थॉमस जेफर्सन यांनी तर या वस्तूचा विचार एखाद्या चोखंदळ गृहिणीप्रमाणे केला होता. जेवणाच्या वेळी सुंदर लाकडी जमिनीवर तुपकट डाग पडतात, ते काढण्यासाठी जमीन घासावी लागते, आणि घासण्याने तिची शोभा जाते. म्हणून मेज मांडताना जाजम घालावे आणि मेज हलविले की तेही उचलावे, असा त्यांचा बेत होता. १८०९ साली त्यांनी अध्यक्षांचे निवासस्थान सोडले तेव्हा झालेल्या यादीत हिरव्या रंगाने रंगविलेल्या कॅनव्हासाची नोंद सापडते. हिरवा त्यांचा आवडता असावा. माँटिसेलो येथील आपल्या घराच्या दर्शनी दालनाची जमीनही त्यांनी चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट यांच्या सल्ल्याने गवताच्या रंगाची करून घेतली होती.

येथे आम्हांस क्षणभर थांबले पाहिजे. डाग पडू नयेत म्हणून जाजम घातले, हे ठीक. पण ते जाजम रोज अंथरीत कोण होते? उचलीत कोण होते? गुडघे टेकून पुशीत कोण होते? वॉशिंग्टन आणि जेफर्सन या दोघांच्याही मळ्यांवर गुलामगिरीत जखडलेली शेकडो माणसे राबत होती, आणि घरातली झाडलोटही त्यांच्याच हातांनी होत होती. सर्व माणसे समान जन्मतात असे ज्या लेखणीने जगाला सांगितले, त्या लेखणीच्या धन्याच्या घरी जमीन पुसणारा माणूस गुलाम असे. बखरीत हा विरोध झाकता येतो. जमिनीकडे पाहिले की तो झाकत नाही. ज्याने जाजम विकत घेतले त्याचे नाव हिशेबाच्या वहीत आहे. ते पुसणाऱ्याचे नाव बहुधा माणसांच्या यादीत नसून मालमत्तेच्या यादीत सापडते.

आता मोठ्या घरांतून लहान घरांत येऊ. विलायतेहून आणविलेले जाजम प्रत्येकास परवडणे शक्य नव्हते. म्हणून अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून माणसे ते घरीच करू लागली, आणि त्यांना शिकविणारी पुस्तके निघाली. १८१२ साली हेझेकाया रेनॉल्ड्स नावाच्या रंगाऱ्याने घरे आणि जहाजे रंगविण्याच्या कृतींचे छोटे पुस्तक काढले. त्यात जमिनीच्या कॅनव्हासाचीही कृती आहे. १८२५ साली रूफस पोर्टर या फिरत्या चित्रकाराने नाना कलांच्या कृतींचा संग्रह छापला, त्यातही जमिनीवरची नक्षी रंगविण्याची माहिती आहे. आजवर कारागिराच्या घराण्यात राहिलेली विद्या अशा रीतीने दोन-चार आण्यांच्या पुस्तकातून चारचौघांची झाली.

परंतु आमच्या मते या विषयावरचे सर्वांत सरस लिखाण एका बाईचे आहे. कॅथरिन बीचर यांनी १८४१ साली गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. स्वयंपाकघरासाठी स्वस्तात जाजम कसे करावे, हे त्या सांगतात. हलके जाडेभरडे कापड घ्या. खोलीच्या मापाने बेता. गोठ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर ताणून खिळे ठोका. राय नावाच्या धान्याच्या पिठाची पातळ खळ द्या. ती वाळली की पिवळा रंग द्या. पंधरवडा थांबा. दुसरा हात द्या. पुन्हा पंधरवडा. तिसरा हात. मग दोन महिने तसेच टांगून ठेवा, म्हणजे वर्षानुवर्षे पाहावयास नको.

श्रोतेहो, या कृतीत किती शहाणपण साठले आहे पाहा. भिंत दक्षिणेकडचीच का? तिकडे दिवसभर ऊन असते म्हणून. सरसाऐवजी खळ का? ती घरच्या पिठाची होते म्हणून. आणि या साऱ्यात खर्च कशाचा? पैशाचा थोडा, धीराचा फार. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. या बायांना पाय पसरावयास अंथरूण नव्हते, म्हणून त्यांनी ते गोठ्याच्या भिंतीवर तयार केले. त्यांना संगमरवराची नक्कल करावयाची नव्हती. दिवसातून दहादा ज्या जमिनीवर पाणी सांडते, पीठ पडते, चिखलाचे बूट येतात, ती एका ओल्या फडक्याने स्वच्छ व्हावी एवढेच हवे होते. कंबरेचे कष्ट थोडे वाचावेत, ही इच्छा कोणत्याही नक्षीपेक्षा आम्हांस मोठी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कथेत यंत्रयुग शिरले. स्कॉटलंडात कर्कॉल्डी गावी मायकेल नेअर्न याचा कॅनव्हास विणण्याचा धंदा होता. आपले कापड इतर लोक रंगवून विकतात, तर आपणच का रंगवू नये, असे त्याच्या मनाने घेतले आणि १८४७ साली त्याने प्रचंड कारखाना बांधला. अखंड विणलेले रुंद कापड उभे टांगावयाचे, तर इमारत उंच हवी. आणि माल महिनोन् महिने वाळत ठेवावयाचा, तर भांडवल अडकून पडणार. लोकांनी त्या इमारतीला ‘नेअर्नचा मूर्खपणा’ असे नाव ठेवले. पण मूर्खपणा फळला. नेअर्न १८५८ साली वारला, तरी त्याच्या पत्नीने आणि भागीदारांनी धंदा वाढविला, आणि पुढे साऱ्या गावाला जवसाच्या तेलाचा वास येऊ लागला.

या वासात आमच्या मातीचा अंश होता, हे येथे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जवळच्या डंडी शहरातल्या गिरण्यांना ताग लागे तो बंगालचा. आणि जवस? १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि वऱ्हाड, नागपूर, खानदेश या भागांतले जवस पोत्यापोत्यांनी मुंबई बंदरात येऊन बोटींवर चढू लागले. विलायतेच्या बाजारात ‘बाँबे लिनसीड’ असा त्याचा निराळा भाव फुटत असे. सगळेच काही जाजमासाठी जात नव्हते. रंगाला, छपाईच्या शाईला, पेंडीलाही ते लागे. तथापि रब्बीच्या हंगामात निळ्या फुलांनी डोलणारे जवसाचे शेत ज्या कुणब्याने राखले, त्याच्या घामाचा काही भाग परक्या देशातल्या घरांत पायाखाली अंथरला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र शेणाने सारवलेली भुई होती. जवसाची चटणी आणि भाकरी खाऊन तो त्याच भुईवर घोंगडी टाकून निजे.

कारखान्याच्या या वैभवाला दुसरीही एक काळी बाजू होती. रंगात घालीत तो सफेदा म्हणजे शिशाचे विष. सफेदा हाताळणाऱ्या कामगारांना पोटशूळ होई, हातपाय लुळे पडत. सुंदर वस्तूच्या पाठीमागे कोणाची तरी झीज असते, आणि ती किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

रोगणी जाजमाचा अंत त्याच्याच घरच्या वस्तूने केला. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाचे लक्ष रंगाच्या भांड्यावर धरलेल्या सायीकडे गेले. उघड्या राहिलेल्या जवसाच्या तेलावर रबरासारखा चिवट पापुद्रा जमतो, हे रंगाऱ्यांनी शेकडो वर्षे पाहिले होते आणि शेकडो वर्षे काढून फेकून दिले होते. वॉल्टनने तो फेकला नाही. त्या घट्ट तेलात बुचाच्या झाडाचा भुसा आणि राळ मिसळून त्याने ते कापडावर दाबून बसविले, आणि १८६३ साली पेटंट घेतले. जवस आणि तेल यांच्या लॅटिन नावांवरून त्याने त्याला लिनोलियम म्हटले. ते अधिक मऊ, अधिक टिकाऊ, पायाला उबदार. पेटंटची मुदत संपताच १८७७ साली नेअर्नच्या कारखान्यानेही लिनोलियम करावयास घेतले. वॉल्टनची कंपनी न्यायालयात गेली. पण हे नाव आता वस्तूचेच झाले आहे, कोणा एकाच्या मालकीचे राहिले नाही, असा निकाल झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जुने रोगणी जाजम मागे पडले, आणि पुढे लिनोलियमलाही प्लास्टिकच्या जाजमांनी बाजूस सारले.

शहाण्या लोकांनी या जाजमाला नावेही ठेवली. चार्ल्स ईस्टलेक यांनी १८६८ साली गृहसजावटीवरील आपल्या ग्रंथात, कापडाने दगडाचे किंवा लाकडाचे सोंग आणू नये, असा आक्षेप घेतला. कलेच्या दृष्टीने तो बरोबर असेल. पण आम्हांस वाटते, सोंग आणि हौस यांत अंतर आहे. दुसऱ्यास फसविण्यासाठी आणलेले ते सोंग. पाहुण्याला ठाऊक आहे, यजमानाला ठाऊक आहे, की हा दगड नव्हे, कापड आहे; आणि तरी दोघांनाही ते पाहून बरे वाटते. ही हौस होय. तिच्यावर रागावून काय मिळणार?

मग ही हजारो जाजमे गेली कोठे? आज अठराव्या शतकातली फारच थोडी शिल्लक आहेत. कारण साधे आहे. दिवाणखान्यात झिजलेले जाजम पुन्हा रंगवून ओसरीत घालीत, तेथून त्याचे बरे तुकडे कापून स्वयंपाकघरात नेत, आणि शेवटी त्याचे फडकेही उरत नसे. गालिचा जपला गेला, कारण तो मोलाचा होता. जाजम संपले, कारण ते उपयोगाचे होते. जुनी घरे जतन करणाऱ्या संस्थांनी पुढे त्यांच्या प्रतिकृती करविल्या, त्या मुख्यतः मृतांच्या याद्या, दुकानदारांच्या जाहिराती, हिशेबाच्या वह्या आणि बीचरबाईंसारख्यांची पुस्तके यांच्या आधारे.

यातून आपण काय घ्यावयाचे? आमच्या आजीच्या घरची भुई दर आठवड्याला सारवली जाई. सारवणात शेण किती, माती कोठली, हात कसा फिरवावयाचा, बोटांच्या कमानी कशा उमटवावयाच्या, हे तिला येत होते. आम्ही ते कधी लिहून घेतले नाही. आज तिला विचारावे तर ती नाही, आणि ती भुईही नाही. तिच्यावर फरशी बसून गेली. त्या गव्हर्नराच्या घरच्या दोन जुन्या कॅनव्हासांची नोंद कारकुनाने केली, म्हणून जवळजवळ तीनशे वर्षांनी आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो. आमच्या आजीच्या भुईची नोंद करावयास कोणी कारकून आला नाही, आणि आम्ही घरात असून ती केली नाही. ही चूक आमची आहे.

म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर, घरात जे वडीलधारे माणूस असेल त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे, तुमच्या लहानपणी घरात पायाखाली काय होते, ते कोण करीत होते, त्याला किती वेळ लागे. आणि जे सांगतील ते एका वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. तटबुरुजांचा इतिहास लिहावयास पुष्कळ लोक आहेत. पायाखालचा इतिहास ज्याचा त्यानेच लिहावा लागतो.